सादळलेले पंख

ऑक्टोबर अर्धा सरला की चेन्नईबाहेर इरुंगाट्टुकोट्टैच्या आमच्या कारखान्याच्या पार्किंगवर चतुर किडे येतात. काल नव्हते, आज आहेत, असे येतात. उन्हानं तापलेल्या गाड्यांच्या टपांवर, माणसाच्या डोक्याच्या जरा वर, थव्यानं तरंगत राहतात. कंपनीच्या बससाठी उभी असलेली तरुण मंडळी मोबाइलमधून मान वर काढत नाहीत. गेटवरचे सुरक्षारक्षक तेवढे एकदा आभाळाकडे बघतात आणि कुंपणावर वाळत घातलेला गणवेश उचलून आत नेतात. ईशान्येचा पाऊस आला म्हणायचा, असा त्यांचा अंदाज, आणि तो बहुतेक वेळा बरोबर निघतो. मी मात्र बस येईपर्यंत त्या चतुरांकडे बघत राहते आणि दरवर्षी न चुकता माझं डोकं फिरतं. पाऊस येणार म्हटलं की लोकांना भजी आठवतात. मला माझी न झालेली पीएच.डी. आठवते.

जागच्या जागी तरंगणारा चतुर नेमकं काय करत असतो, हे मला फार चांगलं माहीत आहे. एखादी गोष्ट इतकी चांगली माहीत असून तिचा काडीचा उपयोग नाही, अशी माणसं या शहरात थोडीच असतील. त्याचा पंख नुसता वर-खाली होत नाही. तो तिरका, वल्हं मारल्यासारखा पुढे-मागे फिरतो. फिरताना पंखाच्या पुढच्या कडेवर हवेचा एक छोटा भोवरा तयार होतो. तो भोवरा पंखावर बसून राहिला तर चतुराला वर उचलून धरतो. निसटला तर चतुर खाली येतो. गोष्ट एवढीच आहे, पण तो भोवरा बसून का राहतो हे शोधण्यात माझी उमेदीची वर्षं गेली.

आता मी गाड्यांच्या आरशांवर काम करते. आरसा म्हणजे काच नव्हे, तिच्याभोवतीचं प्लास्टिकचं कवच. गाडी वेगात निघाली की त्या कवचाच्या कडेवरून हवा निसटते आणि शीळ घालते. ती शीळ बंद करायची, हे माझं काम. काम वाईट नाही. गाडीत बसलेल्या माणसाला शांत वाटतं आणि ते का वाटतं हे त्याला कधीच कळत नाही. माझे सहकारी भले आहेत, कॅन्टीनचं सांबार बरं असतं, आणि नुंगंबाक्कममधल्या माझ्या भाड्याच्या घरात संध्याकाळी वारा येतो. तक्रार करायला जागा नाही, आणि तरी ऑक्टोबर आला की मी तक्रार करतेच.

साताऱ्याला आमच्या गल्लीत मी अजून डॉक्टर आहे. बाबा शाळेत गणित शिकवायचे. मी चेन्नईला संशोधनाला आले तेव्हा त्यांनी अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं, "आमची वसुधा डॉक्टर होतेय. गोळ्या-औषधांची नव्हे हं, हवेची." गल्लीनं त्यातला पहिलाच भाग लक्षात ठेवला. मी घरी गेले की समोरच्या काकू गुडघे दाखवायला येतात. सुरुवातीला मी समजावून सांगायची की काकू, मी औषधांची डॉक्टर नाही. आणि खरं म्हणजे मी कसलीच डॉक्टर नाही. बाबांचा चेहरा बघून मी ते दुसरं वाक्य सोडून दिलं. आता मी काकूंना कोमट तिळाचं तेल लावायला सांगते. त्यांना बरं वाटतं म्हणे.

हवा दिसत नाही, ही आमच्या धंद्यातली पहिली अडचण. ती दिसावी म्हणून तिला मळवावं लागतं. आम्ही काचेच्या एका मोठ्या पेटीत तेलाचा अगदी बारीक धूर सोडत असू. मग दिवे बंद, डोळ्यांवर नारिंगी चष्मे, आणि त्या धुरातून लेसरचा हिरवा प्रकाश, पत्र्यासारखा पातळ. मधोमध आमचा पंख: तळहाताएवढा, कार्बनच्या काड्यांच्या सांगाड्यावर नायलॉनची पातळ फिल्म चिकटवलेला. मुळाशी मोटर, आणि पंख किती जोर लावतोय ते सांगणारा एक नाजूक काटा. मोटर सुरू झाली की टर्रर्र आवाज व्हायचा आणि त्या हिरव्या उजेडात धुराचे कण वळायला लागायचे. तेलाचा गोडसर वास केसांत बसायचा. वसतिगृहातली माझी शेजारीण विचारायची, तू प्रयोगशाळेत पुऱ्या तळतेस का? अजूनही कुणाकडे कढई जरा जास्त तापली की मी उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहते.

आमचे सर कमी बोलायचे. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांचं दैव त्यांच्या गाइडच्या हातात असतं, आणि सरांचे हात स्वच्छ, शांत, नीट कापलेल्या नखांचे होते. त्यांनी आम्हांला शिस्त लावली. कितीही सुंदर दिसली तरी एका फडफडीवर विश्वास ठेवायचा नाही. पुष्कळ फडफडींची सरासरी घ्यायची. प्रयोगाआधी खोलीचं तापमान बघायचं, हवेचा दाब बघायचा, मोटरचा वेग बघायचा, लेसर किती तापला तेही बघायचं. हवेत ओल किती आहे, हे मात्र आमच्यापैकी कुणी कधी बघितलं नाही. चेन्नईत राहून, घामानं पाठीला चिकटलेले कपडे येता-जाता सोडवत, हवेवर संशोधन करणाऱ्या माणसांना हवेतलं पाणी सुचलं नाही. एसीत बसून काम करणाऱ्यांनाच ही चूक जमते.

माधव राव माझ्याच बरोबरीनं लागला होता. तो इथल्याच मैलापूरचा, मूळचा तंजावरच्या मराठी घराण्यातला. पहिल्या दिवशी मी साताऱ्याची म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला. "सातारा? आमच्या राजांचे भाऊबंद तिकडचेच की मा!" तो म्हणाला, आणि हे मराठी आहे हे कळायला मला एक क्षण लागला. त्याची मराठी जुन्या बखरीतली आणि चाल तमिळची. "मजकडे वेळ नाही" असं तो म्हणायचा, आणि वाक्याच्या शेवटी तमिळ "मा", म्हणजे आपलं गं, नाहीतर "सरि", म्हणजे बरं, लावून द्यायचा. माझं हसू थांबायचं नाही. त्यालाही माझी मराठी विनोदीच वाटायची. तुम्ही लोक भांडल्यासारखे बोलता, म्हणायचा. पंख बांधायचं काम त्याचं. मेलेल्या चतुराचा पंख सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यातल्या शिरांची नक्षी तो कार्बनच्या काड्यांत उतरवायचा. त्या नक्षीमुळे भोवरा पंखावर टिकेल, अशी त्याची आणि सरांची कल्पना होती. टिकतो की नाही हे मोजायचं काम माझं.

तो पावसाळा मोठा होता. चेन्नईत पाऊस जूनमध्ये येत नाही, हे साताऱ्याच्या माणसाच्या अंगवळणी पडायला वेळ लागतो. इथे तो दिवाळीच्या आगेमागे येतो, समुद्राकडून, आणि आधी बातम्यांतून येतो. कमी दाबाचा पट्टा कुठे आहे, कुठल्या जिल्ह्यात शाळांना सुट्टी, हे लोक क्रिकेटच्या स्कोअरसारखं एकमेकांना विचारतात. त्या वर्षी रस्ते गेले, मग बस गेल्या, मग दूध गेलं. प्रयोगशाळेच्या पायरीपर्यंत पाणी येऊन थांबलं. आत आलं नाही, पण बाहेर भिंतीलगत ठेवलेली एसीची यंत्रं बुडाली ती बुडालीच. दुरुस्तीला येणार कोण? अख्खं शहरच दुरुस्तीला निघालं होतं. जनरेटरवर मोटर, लेसर आणि कॅमेरा चालायचा. लेसरमुळे खिडक्या उघडायच्या नाहीत, पडदे काळे. आमची प्रयोगशाळा म्हणजे इडलीचं भांडं झाली होती आणि त्यात आम्ही दोघं शिजत होतो.

आणि नेमका तेव्हाच पंख उचलायला लागला. काट्यावरचा आकडा आधी हळूहळू चढला, मग चढतच गेला. मी काटा तपासला, तारा तपासल्या, सगळं बंद करून पुन्हा सुरू केलं. आकडा तिथंच. हिरव्या उजेडात बघितलं तर पंखाच्या कडेवर भोवरा बसलेला. निसटत नव्हता. पंख वळला की तोही वळायचा, पुन्हा कडेवर येऊन बसायचा. माधवनं मला खांद्याला धरून गदागदा हलवलं. सर आले, बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "नल्ला इरुक्कु." छान आहे. सरांच्या तोंडून हे शब्द येणं म्हणजे दुसऱ्या कुणी पेढे वाटण्यासारखं होतं.

ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यांत सुखाचे होते. हे लिहिताना आजही राग येतो, पण खोटं कशाला सांगू? गुडघाभर पाण्यातून चपला हातात घेऊन यायचं, ओल्या सलवारीनं स्टुलावर बसायचं, आणि दिवसभर तो भोवरा बघायचा. माधवची आई डब्यातून दहीभात पाठवायची. घरून दिवाळीचा फराळ आला होता, तो उघडेपर्यंतच चिवडा सादळला. सादळलेला चिवडा, वर दहीभात आणि लिंबाचं लोणचं, हे आमचं जेवण. माधव म्हणायचा, "हे काय खातींस मा, ओल्या कागदासारखं?" आणि मूठ भरून घ्यायचा. डिसेंबरात पाणी उतरलं, मैलापुरात संगीताच्या सभा सुरू झाल्या, त्याची आई पहाटे दारात तांदळाच्या पिठाच्या रांगोळीची मोठमोठी कोलम घालायला लागली. सरांनी पेपर लिहून पाठवून दिला होता. शिरांच्या नक्षीमुळे भोवरा टिकतो, असं त्यात ठामपणे म्हटलं होतं. तीन नावं होती. माझं शेवटी होतं, पण होतं.

जानेवारी लागताच एसी दुरुस्त झाला आणि पंख उचलेनासा झाला.

तोच पंख, तीच मोटर, तोच वेग. भोवरा धरायचा, आणि लगेच निसटून मागे वाहून जायचा. आम्ही मोटर बदलली. गोंद बदलला. माधवनं नवा पंख बांधला, मग आणखी एक. सर म्हणाले, हाताळताना काहीतरी बिघडवलंत. माझ्या हातांकडे बघून म्हणाले. मी रडकुंडीला आले होते.

पोंगलच्या सुट्टीत माधवच्या घरी जेवायला गेले होते. पावसाळाभर वाळवण करता आलं नाही म्हणून त्याची आई गच्चीवर चिडचिड करत होती. डब्यातले जुने अप्पळम, म्हणजे आपले पापडच, बाहेर काढून तिनं उन्हात पसरले होते. "बघ मा, सगळे मेले," म्हणून एक उचलून तिनं माझ्या हातावर ठेवला. तो तळहातावर लोळागोळा होऊन पडला, मधे खोलगट, कडा खाली. जेवण करून पुन्हा गच्चीवर आलो तेव्हा तोच अप्पळम ताठ झाला होता. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही, का वाटावं? मी मात्र तिथंच उकिडवी बसले. आमची नायलॉनची फिल्म ओल धरते. ओल धरली की सैल पडते, पंख फिरताना तिला पोट सुटतं, आणि त्या पोटामुळे भोवरा निसटत नाही. आमचा पंख सादळला होता. एवढंच झालं होतं.

सुट्टी संपल्यावर मी काचेच्या पेटीत कोमट पाण्याची परात ठेवली, पेटी झाकली आणि वाट बघितली. आकडा चढला. मग माधवची नक्षी नसलेला, साधा दोन काड्यांचा पंख लावला. तोही तितकाच उचलत होता. नक्षीचा काही संबंधच नव्हता. मला वाटलं, मी काहीतरी शोधलंय. खरं तर शोधलंच होतं: सैल पडणारा पंख ताठ पंखापेक्षा चांगला, ही काही लहान गोष्ट नव्हती. मी धावत सरांकडे गेले.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून पुसला.

"वसुधा, दमटपणा म्हणजे फिजिक्स नव्हे," ते म्हणाले. "ते हाउसकीपिंग झालं."

"पण सर, नक्षीमुळे काहीच होत नाही. साधा पंखसुद्धा—"

"पेपर छापून येतोय."

"दुरुस्ती पाठवता येईल ना?"

सर हसले. रागावले असते तर परवडलं असतं. त्यांनी मला कॉफी पाजली, घरची चौकशी केली आणि लहान मुलीला सोडावं तसं दारापर्यंत सोडलं. त्या पेपरच्या जोरावर पुढचा मोठा प्रकल्प मंजूर झाला होता, हे मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं.

माधवला मी परात दाखवली होती. आकडा चढताना तो माझ्या शेजारी उभा होता. त्या संध्याकाळी मैलापूरच्या स्टेशनच्या जिन्यात आम्ही गाड्या सोडत बसलो. "तू म्हणतींस ते खोटं नाही मा," तो म्हणाला. "पण नक्षी गेली तर मजकडे काय उरलं?" मी म्हणाले, खरं काय ते उरेल. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याला तहान लागली असताना पाण्याचं सूत्र सांगितलं. त्याचं चुकलं असं म्हणायला माझी जीभ वळवळते, पण त्याला खरंच दुसरं काही नव्हतं. त्यानं नक्षीवरच प्रबंध लिहिला, वेळेत दिला, आणि डॉक्टर माधव राव झाला.

मी माझ्या प्रबंधात ओलीचं प्रकरण घातलं. सरांनी ते नाकारलं नाही. नाही म्हणणारी माणसं मला आता फार आवडतात, त्यांच्याशी भांडता तरी येतं. सर म्हणायचे, चांगलं आहे, पुन्हा लिही. पुन्हा लिहिलं की म्हणायचे, भाषा बघ. मग, आणखी मोजमापं घे. मग प्रयोगशाळेतली माझी वेळ दुसऱ्या कुणाला दिलेली असायची. मग सर परदेशी गेलेले असायचे. हळूच एकदा सुचवलंही, हे प्रकरण काढलंस तर बाकीचं आजच्या आज पुढे जाईल. मी काढलं नाही. वर्ष गेलं, दुसरं गेलं, मुदत वाढवून घेतली, तीही गेली. सिनेमात खऱ्याची गळचेपी करायला गुंड येतात, आरडाओरडा होतो. माझ्या बाबतीत सगळं कॉफी पीत, अतिशय सौजन्यानं पार पडलं. शेवटी माझं सामान न्यायला बाबा आले. वसतिगृहाच्या जिन्यावरून पुस्तकांचं खोकं उतरवताना म्हणाले, "थोडंच राहिलंय ना? घरी बसून पूर्ण कर." मी हो म्हणाले.

घरी बसून भोवरा दिसत नाही. मी परत चेन्नईला आले ती आरशांच्या नोकरीवर. शहर मला सुटलं नाही की शहराला मी, कोण जाणे. माधव त्याच संस्थेत शिकवायला लागला, पुढे सर निवृत्त झाल्यावर ती प्रयोगशाळाही त्याच्याकडे आली. दिवाळीला त्याचा फोन येतो. आम्ही त्याच्या आईच्या तब्येतीबद्दल बोलतो, पाण्याबद्दल, ट्रॅफिकबद्दल. पंखांबद्दल कधीच नाही.

या वर्षी त्याचा फोन दिवाळीच्या आधीच आला.

"एक तुमच्याकडची पोर आहे मजकडे," तो म्हणाला. "परभणी की काय ते. फार रडते मा. माझी मराठी तिला कळेना, इंग्लिशमध्ये ती मन उघडेना. येऊन दोन शब्द बोलतींस का?"

मला जायचं नव्हतं. शनिवारी गेले. रिक्षातून उतरले तेव्हा संस्थेच्या आवारातही चतुर होते, नुकत्याच पडून गेलेल्या सरीच्या डबक्यांवर. प्रयोगशाळेचा रंग बदलला होता, कॅमेरा नवा होता, वास तोच होता. मला वाटलं होतं छातीत कळ येईल, डोळे भरतील. तसं काही झालं नाही. फक्त एसी फार गार वाटला.

पोरीचं नाव ऋतुजा. डोळे सुजलेले, वेणी करकचून घातलेली. माधव आमची ओळख करून देऊन वर्गावर निघून गेला. तो गेल्याबरोबर ती बोलायला लागली. "काय करू सांगा मॅडम. राव सरांच्या पेपरात पंख एवढा उचलतो म्हणून लिव्हलंय. माझा त्याच्या निम्मा पण उचलत नाही. पंख सरांनी बांधून दिला, मोटर तीच. सर काही रागवत नाहीत, पण म्हणतात तुझा हात जड आहे. मोजायचं ते मोजून झालं माझं, एवढा आकडा आला की प्रबंध देता येतो. घरी सगळे विचारतात, कधी होणार, कधी होणार." मी तिच्या हातांकडे बघितलं. बारीक, निगुतीचे हात होते.

तिथं उभ्या उभ्या मला सगळं कळलं. माधवनं मला धीर द्यायला बोलावलंच नव्हतं. पोरीचा हात जड नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. काय करायला हवं तेही ठाऊक होतं, परातीशेजारी तोच तर उभा होता. पण स्वतःच्या तोंडानं ते सांगायचं म्हणजे स्वतःच्या पेपरवर काट मारायची. म्हणून त्यानं ते काम माझ्याकडून करून घ्यायचं ठरवलं होतं, वर मराठी बोलायचं निमित्त. संताप माझ्या डोक्यात गेला. पर्स उचलून सरळ निघून जावं असं वाटलं.

समोर ऋतुजा ओढणीनं नाक पुसत होती. तिनं माझं काय वाकडं केलं होतं?

"एक पसरट भांडं आहे का?" मी विचारलं. "आणि गरम पाणी?"

कॉफीच्या यंत्राचं पाणी आणि कॅन्टीनमधलं ताट मिळालं. पेटीत ताट ठेवलं, झाकण लावलं आणि आम्ही बाहेर जाऊन चहा घेतला. मी तिला आमच्या पावसाळ्याबद्दल सांगितलं, बुडालेल्या एसीबद्दल, अप्पळमबद्दल, साध्या पंखाबद्दल, माझ्या न झालेल्या प्रबंधाबद्दल. ती फार हुशार होती. माझं सांगून संपायच्या आत तिला कळलं होतं. परत आल्यावर तिनं दिवे बंद केले, मला नारिंगी चष्मा दिला, मोटर सुरू केली.

भोवरा बसला होता. अगदी तसाच, पंखाच्या कडेवर, पंख वळला की वळणारा. इतक्या वर्षांनी दिसला. मी सगळं विसरले, राग, बाबा, खोकं, सगळं. इतकं देखणं काही माझ्या हातून या जगात दुसरं झालेलं नाही. ऋतुजा आकडा मोठ्यानं वाचत होती, पुन्हा पुन्हा.

माधव वर्ग संपवून आला. काट्याकडे बघितलं, पाण्याच्या ताटाकडे मुळीच बघितलं नाही. "पाहिलींस?" तो ऋतुजाला म्हणाला. "पेपर बरोबरच होता. सरि, आता पटापट मोजून घे." माझ्याकडे वळून म्हणाला, "आई विचारत होती तुला. जेवायला ये मा एकदा." आणि फोन आला म्हणून बाहेर गेला. त्याच्या आवाजात खरी माया होती. तेच मला कधी माफ करता येत नाही.

दिवे लागले. ऋतुजानं चष्मा काढला आणि दाराकडे एकदा बघून हळू आवाजात विचारलं, "मॅडम, हे पाण्याचं लिहावं लागंल का?"

"लिही," मी म्हणाले. "साधा पंख लावून बघ आणि तेही लिही. तुझं नाव होईल. खरी गोष्ट ती आहे, बाकी सगळं—"

तिनं कार्बनच्या काड्यांच्या डबीला झाकण लावलं. मग अगदी साधेपणानं, मला लागावं असा काही हेतू नसताना, म्हणाली, "लिव्हलं तर माझं पण तुमच्यावाणीच होईल ना, मॅडम?"

होणार नाही, असं म्हणाले असते तर ते खोटं झालं असतं, आणि खोटं बोलायचं नाही म्हणून तर मी या दाराबाहेर पडले होते.

"पाणी कितपत गरम लागतं तेवढं सांगून ठेवा," ती म्हणाली. "म्हणजे तुम्हाला परत त्रास नको."

मी सांगितलं. उकळतं नको, काचेवर वाफ धरते. हात बुडवता येईल इतपत पुरे.